फौजदार रिकाम्या पोटी

फौजदाराचा दात काढायचा, एवढंच काय ते ठरलं होतं. वरचा, उजवीकडचा सुळा. दात एक, बोका एक आणि त्या बोक्याला दवाखान्यात नेणारे काका एक. यात इमारतीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांनी पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण त्या काळी कुणाच्या घरचा कुकर शिट्टी देईनासा झाला तरी सगळे मजले काळजीत पडायचे, आणि हा तर साक्षात फौजदार होता.

काकांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा तो बोका. अंगाने राखाडी, गळ्याखाली पांढरा पट्टा आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना असे काळेभोर झुपके की मिशांना नुकताच पीळ भरलाय असं वाटावं. रोज सकाळी तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गस्त घाली. प्रत्येक दारात थांबे, आत डोकावे, मिळेल ते स्वीकारी आणि कुणाचे आभार न मानता पुढे जाई. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या बाजारपेठेतले तराजू त्यांना घाबरत असत. इमारतीत मात्र दरारा होता तो फौजदाराचा.

तर हा फौजदार एकाएकी अन्नाला तोंड लावीना. गस्त बंद झाली. अक्कांच्या खाटेखाली बसून राही, तोंडातून लाळ गळे, मधूनच पंजाने गाल पुसल्यासारखं करी. अक्का पुढ्यात बशी ठेवत, तो वास घेई आणि मान फिरवी. मग अक्काही आपलं ताट अर्धं टाकून उठत.

"अहो, एक जण खात नव्हता तोवर ठीक होतं," काकू म्हणाल्या. "आता दोघं खात नाहीत. काहीतरी करा."

काकांनी केलं. फौजदाराला कपड्यांच्या टोपलीत घातलं, वरून झाकण दाबलं, झाकणाला आपला जुना ऑफिसचा पट्टा आवळला आणि प्राण्यांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरबाई तरुण, केस वर बांधलेल्या, एका वाक्यात दोन वाक्यांचं काम उरकणाऱ्या. त्यांनी जाड टॉवेलात फौजदाराला गुंडाळलं, ओठ उचलून पाहिलं.

"सुळ्याच्या मुळाशी पू झालाय. काढायला हवा. ठेवलात तर जबड्यात पसरेल, आणि त्याच्याही आधी हा उपासमारीनं जाईल." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आधी एक शामक इंजेक्शन, म्हणजे हा गुंगीत जाईल. मग शिरेतून भुलीचं औषध. मग श्वासनळीत नळी, आणि काम संपेपर्यंत त्या नळीतून भुलीचा वायू.

काका प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. नोकरीत असताना दुकानदार आपल्या काट्याची रचना समजावून सांगू लागला की ते अशीच मान हलवत. दोन्हीकडे अर्थ एकच: मला सगळं आधीपासून ठाऊक आहे, तुम्ही आपलं सांगा.

घरी आले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. दाराची चौकट एका हातानं धरलेली.

"भूल देणार का रे बाळ?"

काकांचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. पण अक्कांनी 'बाळ' म्हटलं की ते आपोआप थोडे बुटके होत. त्यांनी अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चौकटीवरच्या बोटांकडे पाहिलं, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेल्यातलं पहिलं वाक्य तेवढं ठेवून बाकीची गाळली.

"छे, छे. नुसती गुंगी."

अक्कांची बोटं सुटली. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि फौजदाराला घेऊन आत गेल्या.

इथेच मिटलं असतं. पण समोरच्या बिऱ्हाडात कंपाउंडर राहत असत. माणसांच्या दवाखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले. औषधांच्या बाबतीत इमारतीतलं शेवटचं न्यायालय. ते पेपर मागायला आले आणि ऐकून गेले नाहीत, बसले.

"गुंगीत सुळा काढणार? अहो, गुंगीत जनावर पडून राहतं, पण चिमटा काढलात तर उठतं. दुखणं त्याला कळत असतं. सुळ्याला चिमटा लावलात तर तुम्हाला कुठे कुठे टाके पडतील ते मी आत्ताच सांगून ठेवतो." त्यांनी काकांच्या अंगावर ठिकठिकाणी नजर फिरवली.

काकांना घाम फुटला. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाईंनी, पलीकडे एक कुत्रं विव्हळत असताना, न रागावता सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला काकांनी मान हलवली नाही. फोनवर ती दिसली नसतीच म्हणा. त्यांनी ऐकलं. आणि ऐकल्यावर त्यांच्यात असा काही उत्साह संचारला की तो घरात मावेना.

संध्याकाळी ते जिन्यात उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शास्त्र समजावू लागले. माणसं येत होती, पण जाईनात. पायऱ्यांवर बसायलाच लागली.

"हे पाहा," काका म्हणाले, "आपली इमारतीची सभा घ्या. अध्यक्ष अहवाल वाचतायत. आपली काय अवस्था असते? डोळे मिटलेले, मान लवलेली, पण कुणी नाव घेऊन हाक मारली की 'हो, मंजूर' म्हणतो. ही झाली गुंगी. आता गळक्या टाकीचं काय झालं असं अध्यक्षांना विचारा. बाकी माणूस टवटवीत, चहा पितोय, हसतोय, पण तेवढ्या एका जागी टोचलं तर काही म्हणजे काही लागत नाही. हे झालं जागच्या जागी बधिर करणं. आणि भूल म्हणजे सभा संपली, सतरंज्या उचलल्या, दिवे मालवले, तरी माणूस खुर्चीत तसाच. त्याला ना ऐकू येत, ना दुखत, ना नंतर आठवत."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष नेमके खालच्या वळणावर भाजीची पिशवी घेऊन उभे होते.

"माझी दाढ काढली तेव्हा नुसती हिरडी बधिर केली होती," ते वर येत म्हणाले. "मांजराला एवढे लाड कशाला?"

"तुम्ही तोंड उघडून बसलात, अध्यक्ष. तोंड उघडं ठेवायची तुम्हाला सवय आहे. फौजदार बसेल का?"

यावरून पुढे त्या दोघांत बरेच दिवस बोलणं बंद होतं. पण काकांना त्या क्षणी त्याचं भान नव्हतं. कारण वरच्या कठड्यापाशी वाळलेले कपडे खांद्यावर घेऊन अक्का उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या.

"म्हणजे भूलच," अक्का म्हणाल्या.

"अगं, पण काही होत नाही त्यात."

"सकाळी गुंगी होती." एवढंच म्हणून त्या आत गेल्या. जिन्यातली माणसं एकेक करून उठली. भाषण चांगलं झालं होतं, पण वक्त्याचं तोंड पाहण्यासारखं राहिलं नव्हतं.

तरी दिवस ठरला. सूचना एकच: आदल्या रात्रीपासून फौजदाराच्या पोटात अन्नाचा कण जाता कामा नये. पाणी चालेल. काकांनी ही सूचना प्रत्येक दारात जाऊन दिली, आणि प्रत्येक दारात लोकांनी ती मनापासून ऐकली.

सकाळी दवाखान्यात कागद भरून घेणाऱ्या कारकूनबाईंनी चष्मा पुसला. "मालक कोण?"

"माझी थोरली बहीण. लसीचं कार्ड तिच्याच नावावर आहे."

"मग तुम्ही रुग्णाचे कोण?"

काकांनी आयुष्यभर सरकारी कागद भरून घेतले होते, त्यामुळे खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी विचार केला. बहिणीचा म्हटल्यावर नातं उघड होतं. "मामा," ते म्हणाले.

कारकूनबाईंनी तसं लिहिलं. तेव्हापासून त्या दवाखान्यात काकांना कुणी काका म्हटलं नाही. "फौजदाराचे मामा आत या," असा पुकारा झाला की बाकावरची सगळी माणसं आणि दोन कुत्री वळून बघत.

शामक इंजेक्शन दिलं. फौजदाराची मान हळूहळू लवली, डोळ्यांवर पडदा आला, आणि काका मदतनीस बाईंना "ही गुंगी बरं का" असं सांगणार, तोच फौजदाराच्या पोटात ढवळलं. तो दोनदा उचकला आणि त्यानं टेबलावर सगळं बाहेर काढलं.

"या औषधानं मांजरांना होतं कधीकधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्या वाकल्या. मग आणखी वाकल्या. "मामा, हे अंडं आहे."

काकाही वाकले.

"उकडलेलं. ही साय. हा पाव, दुधात भिजवलेला. आणि हा मासा आहे." त्यांनी हातमोजा काढला. "तुमच्याकडे उपाशी ठेवणं याला म्हणतात?"

"पण गेले कितीतरी दिवस तो काही खात नव्हता हो."

"आज बरं खाल्लं त्यानं. नशीब आत्ताच आलं बाहेर. भुलीत गिळण्याची शक्तीच जाते. हे सगळं तेव्हा वर आलं असतं तर सरळ श्वासनळीत. मग मी दात काढत बसले असते आणि हा गुदमरून गेला असता." त्यांनी दुसरं इंजेक्शन भरलं. "या गुंगीला उतारा आहे. देते. जरा मागे सरका."

काका सरकले नाहीत. उतारा म्हणजे हळूहळू उतरणारी गोष्ट, असा त्यांचा समज होता. फौजदार थोडा वेळ निपचित होता, आणि मग जणू कुणी बटण दाबलं असा उठला. काका बँडेज बांधून घरी परतले, आणि टोपलीला पट्ट्याबरोबर दोरीही लागली.

इमारतीत चौकशी बसली. गुन्हेगार शोधायला काकांना जिना उतरावाही लागला नाही, कारण सगळे आपणहून सांगायला आले होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर आनंद होता. वरच्या वहिनी म्हणाल्या, "त्यानं चाटलं हो, काका. इतक्या दिवसांनी चाटलं. आणि साय म्हणजे काही खाणं नव्हे." तळमजल्यावरच्या शिंप्याचं म्हणणं, अंडं उकडलं की हलकं होतं. पाववाल्या बिऱ्हाडाचं म्हणणं, भिजवलेला पाव पाण्यातच जमा. मासा कुणाचा ते कळलं नाही, पण अध्यक्ष त्या दिवसापुरते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. एवढी भांडणं, पण फौजदाराला कुणी उपाशी बघू शकत नव्हतं. काका रागावले होते, आणि रागावता रागावता त्यांना भरून आलं, आणि मग त्यामुळे ते आणखी रागावले.

अक्का हे सगळं खाटेवर बसून ऐकत होत्या.

"बाळ, म्हणजे पोट भरलेलं असलं की डॉक्टर हात लावत नाहीत?"

"मुळीच नाही."

"अस्सं," अक्का म्हणाल्या.

पुढच्या खेपेला काकांनी बंदोबस्तच केला. फौजदाराला मागच्या खोलीत ठेवलं, खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी आणि पहाऱ्याला खुद्द अक्का. काका बाहेर खुर्ची टाकून बसले. वरच्या वहिनी एकदा सहज म्हणून आल्या, तर त्यांच्या दोन्ही हातांची तपासणी झाली. वजनमापे खात्यात काकांनी इतकी कडक नोकरी केली असती तर बढती मिळाली असती, असं काकू म्हणाल्या.

"मामा, काही खाल्लंय का यानं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाण्याशिवाय थेंब नाही. मी जातीनं पहारा दिलाय." काकांनी छाती पुढे काढली.

फौजदारानं त्याच वेळी जीभ काढून मिशी साफ केली. एक पांढरा कण डॉक्टरबाईंच्या टेबलावर पडला. त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. चीज होतं. ताजं.

बाकावरची माणसं आता काकांना ओळखू लागली होती. एका पोपटवाल्यानं तर बसायला जागा दिली. काका बसले नाहीत. टोपली उचलून, कान लाल झालेले, ते तडक इमारतीत आले आणि जिन्यातच त्यांनी वरच्या वहिनींना गाठलं.

"वहिनी, मी तुम्हाला बहिणीसारखं मानतो. पण माझी शोभा करायची काही मर्यादा? सकाळी आलात त्या कशाला आलात?"

"मी? काका, तुम्ही माझी बोटंसुद्धा मोजलीत."

"मग चीज काय भिंतीतून गेलं?"

दारं उघडली. कंपाउंडर आले, शिंपी आला, अध्यक्ष अबोला विसरून आले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनाही आपण फार बोललो असं वाटत होतं, पण एवढ्या माणसांसमोर माघार घ्यायची कशी ते सुचेना.

"तिला बोलू नकोस," अक्का म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. "मी घातलं."

काकांनी टोपली पायरीवर ठेवली.

"चुकून?" काकांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"चुकून कशी घालीन? नीट बारीक करून घातलं. दात दुखतो ना त्याचा." अक्का टोपलीपाशी आल्या, पट्टा सोडू लागल्या. "तू म्हणालास गुंगी. मग म्हणालास भूल. म्हणालास काही होत नाही. मग त्या बाई म्हणाल्या, गुदमरून गेला असता. प्रत्येक खेपेला तू नवंच सांगतोस, बाळ. मी कशावर विश्वास ठेवू? इथे दुखतंय तरी निदान श्वास चाललाय त्याचा. झोपवला आणि उठलाच नाही तर? त्याला कळणारसुद्धा नाही, की मी जवळ नाही."

कंपाउंडर, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, कठड्याचा रंग खरवडत राहिले. फौजदार टोपलीतून निघाला, त्यानं भिंतीला गाल घासला आणि कळवळून मागे घेतला. सगळ्यांनी ते पाहिलं. अक्कांनीही पाहिलं.

काकांनी मग एक शहाणपणाचं काम केलं. या सगळ्या प्रकरणात त्यांनी केलेलं बहुधा ते पहिलंच. म्हणाले, "मी काही सांगत नाही. तू चल. बोका नको, टोपली नको. तूच विचार."

अक्का गेल्या. बरोबर काका, काकू, कंपाउंडर आणि, कुणी बोलावलं नसताना, वरच्या वहिनी. डॉक्टरबाईंनी एवढी माणसं पाहून आधी रुग्ण कोण ते विचारलं.

"मला एकच सांगा," अक्का म्हणाल्या. "भुलीतून उठत नाही, असं होतं का कधी?"

काका घाईघाईनं काही बोलणार होते, काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "क्वचित होतं. धोका थोडा आहे, पण नाही असं मी म्हणणार नाही. दात तसाच ठेवला तर त्याहून कितीतरी जास्त आहे."

अक्कांनी हळूच श्वास सोडला. त्या खुर्चीत जरा टेकून बसल्या. आजवर सगळ्यांनी त्यांना 'काही होत नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि जितकं जास्त सांगितलं तितकी त्यांची भीती वाढली होती. खरं सांगणारं माणूस भेटलं तसा त्यांचा चेहराच बदलला.

"मग तो धोका कमी कसा करता ते सांगा," त्या म्हणाल्या.

आणि काय सांगावं, त्यानंतर अक्कांनी अशी काही उलटतपासणी घेतली की कंपाउंडरांनीही खिशातून चष्मा काढला. आधी शामक कशाला? तर भीती आणि धडपड कमी होते, मग भूल कमी लागते. वेदनाशामक वेगळं कशाला? भुलीत दुखणं कळत नाही, पण उठल्यावर कळेल, म्हणून ते आधीच द्यायचं. नळी कशाला? प्राणवायू सरळ फुप्फुसात जावा आणि दुसरं काही जाऊ नये म्हणून. आणि सगळं चालू असताना बघतं कोण?

"मी दात बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या बाई फक्त त्याला बघतात. ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू, अंगातली ऊब. दुसरं काही करत नाहीत."

अक्कांनी मदतनीस बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग मीही बघणार."

"आत नाही येता येणार, आजी."

"दाराला काच आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी येतानाच पाहून ठेवलं होतं.

तिसऱ्या खेपेचा बंदोबस्त अक्कांनी केला, आणि तो बंदोबस्त काय वर्णावा. फौजदार त्यांच्या खोलीत, त्या दारात. इमारतीत त्या सकाळी कुणी काही शिजवायचं नाही, असा हुकूम निघाला, म्हणजे वास नको आणि मोह नको. काका चहाबरोबर बिस्कीट घेऊन आत शिरले तर अक्कांनी ते काढून घेतलं. सगळी इमारत उपाशी, उत्साहात, आणि कुजबुजत. निघायच्या वेळी अध्यक्षांनी आपणहून गाडी काढली. काका पुढे बसले. दोघं टाकीचा विषय टाळून हवेबद्दल बोलले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फौजदाराचं पोट चाचपलं, मिशा पाहिल्या, तोंडाचा वास घेतला आणि अक्कांकडे वळून म्हणाल्या, "रिकामं."

सह्या अक्कांनी केल्या. गुंगी चढली, या खेपेला काही बाहेर आलं नाही. फौजदाराला आत नेलं आणि अक्का काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. काच लहान. एका वेळी एकच डोकं मावे. त्यामुळे मागे बाकावर बसलेल्यांना सगळं अक्कांच्या तोंडून ऐकावं लागलं. सामना ऐकावा तसं सगळे ऐकत होते, पोपटवालासुद्धा.

"पायाची लव कापली. सुई लावली. आता शिरेतून देतायत... मान पडली. जबडा सैल. नळी घालतायत." थोडं थांबून, "गेली. नळीला एक रबरी पिशवी जोडलीय. फुगली. बसली. फुगली. त्याच्याच श्वासानं फुगतेय ती."

मग त्या एकदम काचेपासून मागे झाल्या. "त्याचे डोळे उघडे आहेत."

काका ताडकन उठले. आता समजावून सांगायची पाळी त्यांची होती, पण हे डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडरांनी छताकडे.

मदतनीस बाईंनी आतून अक्कांचा चेहरा पाहिला असावा. त्यांनी दार बोटभर उघडलं. "भुलीत डोळे मिटत नाहीत, आजी. म्हणून मलम घातलंय, सुकू नयेत. पिशवी बघत राहा तुम्ही."

अक्का पुन्हा काचेला चिकटल्या. "फुगली," त्या म्हणाल्या. "बसली." वरच्या वहिनी त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागल्या होत्या. हळूहळू सगळा बाक घेऊ लागला. अध्यक्ष मोठे श्वास घेत, म्हणून काकूंनी त्यांना जरा बेतानं घ्यायला सांगितलं.

"दात आला," अक्का म्हणाल्या. "केवढा आहे, बाई."

पुढचं काम शांतपणे झालं. टाके पडले. वायू बंद झाला, नळीतून नुसता प्राणवायू राहिला. डॉक्टरबाईंनी दार उघडलं. "आजी, आता या. जाग येताना ओळखीचा हात असलेला बरा. मामा, तुम्हीही या, पण तोंडाजवळ हात नेऊ नका."

फौजदार ऊबदार गादीवर आडवा पडला होता. मिशांचा पीळ उतरलेला, जीभ एका बाजूला, तोंडातून ती नळी. आता तो कुणाचाही बोका वाटला असता. अक्कांनी त्याच्या मानेवर हात ठेवला.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता वाट बघायची. त्यानं स्वतः गिळलं की समजायचं गळा जागा झाला. मग नळी काढायची. तोवर नाही."

काकांना हे ऐकून काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. इतके दिवस सगळी इमारत एकाच कामाला लागली होती, की या प्राण्यानं काही गिळू नये. त्यासाठी खिडक्या लावल्या, वहिनींना रडवलं, बिस्किटं जप्त झाली. आणि आता शिकलीसवरलेली, पिकल्या केसांची माणसं त्याच्यावर वाकून, त्यानं एकदा गिळावं म्हणून डोळे लावून बसली होती. दारात बाकीचे एकावर एक उभे. कारकूनबाईसुद्धा.

"गिळ रे," काका पुटपुटले. "गिळ, राजा."

कान हलला. मग पुन्हा काही नाही. अक्का काही बोलत नव्हत्या, फक्त अंगठा त्याच्या गळ्यावरून फिरवत होत्या, वरून खाली. पिशवी फुगत होती, बसत होती. पापणी थरथरली. पंजाची नखं किंचित बाहेर आली आणि गादीत रुतली. आणि गळ्यावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्याखाली काहीतरी सरकलं.

"गिळलं," अक्का म्हणाल्या.

"पाहिलं मी." डॉक्टरबाईंनी अलगद नळी ओढून काढली. फौजदारानं जीभ आत घेतली, एक खरखरीत, बेसूर आवाज काढला आणि अक्कांच्या मनगटावर डोकं टाकलं.

"गिळलं," काका दाराकडे वळून म्हणाले. "गिळलं," अध्यक्ष मागच्यांना म्हणाले. कारकूनबाईंच्या टेबलावरचा फोन कंपाउंडरांनी न विचारता उचलला, शिंप्याच्या दुकानात लावला आणि तेवढाच एक शब्द सांगून ठेवून दिला. नंतर कळलं की तो शब्द जिन्यानं गच्चीपर्यंत पोचला होता.

अक्का स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकांनी त्यांचा खांदा धरला. "अक्का, काय होतंय?"

"काही नाही रे. भूक लागलीय. कालपासून मीही काही खाल्लेलं नाही. त्याच्यासमोर कशी खाणार?"

मग वरच्या वहिनींनी पिशवीतून डबा काढला, त्यात साय होती. अध्यक्षांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं काढलं. कंपाउंडरांकडे पाव निघाला. काकूंच्या पर्समध्ये चीज. उठल्यावर लागेल म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याच्या नकळत काही ना काही आणलेलंच होतं.

"संध्याकाळपर्यंत त्याला काहीही नाही," डॉक्टरबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"त्याला नाही हो," काका म्हणाले. "तिला."

अक्का जेवल्या. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला फौजदार, भोवती सगळी इमारत. पाव खाल्ला, अंडं खाल्लं, साय बोटानं चाटून संपवली. आणि डॉक्टरबाई दारात हाताची घडी घालून उभ्या राहून प्रत्येक घास अक्कांच्याच तोंडात जातोय ना, हे शेवटपर्यंत बघत राहिल्या.